तुळशीची फ्रेंच कुंडी

हॅरो

तीन महिने इंग्लंडात राहून आलो आणि राजवाडा पाहिला नाही, असं सांगितलं की आमच्या सांगलीच्या कट्ट्यावरची मंडळी माझ्याकडे दयेनं बघतात. पण मी गेलो होतो मुलाकडे, राजाकडे नव्हे. आणि जे पाहिलं ते या मंडळींपैकी कुणीच पाहिलेलं नाही, म्हणून लिहितो. वाचताना निम्मं वजा करा. माझ्या ऐकणाऱ्यांना तेवढी सवय आहे. शेवटी शेवटी मात्र वजाबाकी करू नका, तिथे मी काही घातलेलं नाही.

सामानात माझे चार कपडे, सुनेसाठी चकल्या आणि हातातल्या पिशवीत माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली आमची तुळशीची कुंडी. कुंडी म्हणजे साधीसुधी नव्हे. हातभर उंच, पांढरी, खांदे बाईसारखे गोल आणि पोटावर काळ्या रेघांनी काढलेला एक पक्षी, त्याला माणसाचं तोंड. कुसुम, म्हणजे आमची मंडळी, गेल्यावर तीन महिन्यांत तुळस वाळली. लोक म्हणाले, दुःखानं वाळली. खरं म्हणजे मी पाणी जास्त घातलं. तीस वर्षं रोज सकाळी तिला पाणी कुसुमच घालायची, मला माप काय माहीत! घर तीन महिने बंद राहणार होतं. कुंडी मागे ठेवावीशी वाटली नाही, एवढंच.

हीथ्रोवर एका अधिकारी बाईनं पिशवी उघडायला लावली. कुंडी बघून तिचा चेहरा एकदम पडला. तिकडे माणसाची रक्षा असल्याच देखण्या भांड्यात ठेवतात. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "कुणाची, सर?"

मी म्हणालो, "वाइफ."

एका शब्दावर आणखी काही बोललो नाही, आणि तो शब्द खोटा नव्हता. बाईनं दोन्ही हातांनी कुंडी परत गुंडाळली, स्वेटरच्या बाह्यांची गाठ मारली आणि "आय अॅम सो सॉरी" म्हणत मला सगळ्यांच्या पुढून बाहेर काढलं. पाठीमागे अडीचशे माणसं रांगेत उभी होती. बरं, चाळीस होती.

हॅरो म्हणजे लंडनचं उपनगर, तिथे मुलाचं घर. मुलगा मंदार आणि सून केतकी साडेसातला मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी पकडायला निघत. मग घर जे गप्प होई ते संध्याकाळी सातपर्यंत. आमच्याकडे गप्प घर म्हणजे निदान कुकर, शेजारचा रेडिओ, भंगारवाला एवढं तरी असतं. तिथे खिडक्यांना दोन दोन काचा. बाहेर हत्ती नाचला तरी आत समजणार नाही. मी खिडकीत बसून बस मोजायचो, शेजारी कुंडी. समोरचा गुजराती म्हातारा रोज अकराला बाहेर येऊन कचऱ्याचा डबा सरळ करायचा आणि आत जायचा. तो डबा वाकडा कधीच नव्हता. त्यालाही माणूस दिसायला हवा होता, हे मला कळायला आठवडा लागला. नवव्या दिवशी मी हात केला. त्यानंही केला. ती माझी हॅरोमधली सगळ्यात लांबलचक ओळख.

एका रविवारी केतकीची मैत्रीण वैदेही आली. नागपूरची, ग्लासगोच्या इस्पितळात भूल देणारी डॉक्टर. दारातून आत आली, खिडकीकडे बघितलं आणि चहा हातात घ्यायच्या आधी ओरडली, "अहो काका, हे कुठून आणलं बाप्पा? असं तर आमच्या म्युझियममध्ये आहे!"

"असणारच," मी म्हणालो.

"सेम पक्षी! त्या फ्रेंच बाईचा. ओदिल नाव तिचं, मी दोनदा पाहून आली."

इथे मी जीभ आवरायला हवी होती. पण तीन आठवड्यांत माझ्याशी एवढ्या मोठ्या आवाजात कुणी बोललं नव्हतं, आणि तिचे डोळे असे मोठे झाले होते की त्यात काहीतरी घालावंसंच वाटलं. "ओदिलबाईंनीच दिलीये मला," मी म्हणालो. "स्वतःच्या हातानं. मिरजेला आल्या होत्या, आमच्या कप-बशांच्या कारखान्यात. माझी भट्टी बघून म्हणाल्या, असा जाळ आमच्या फ्रान्समध्ये नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी बांधून नेली."

मंदार कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेला. वैदेहीनं फोटो काढले आणि म्युझियमला पाठवले. दोन दिवसांत तिथल्या मोराग नावाच्या बाईंचं पत्र आलं: कृपा करून घेऊन या, आणि तुमची तयारी असेल तर ही कुंडी संग्रहात ठेवून घ्यायची आमची फार इच्छा आहे.

रात्री जेवताना मंदार म्हणाला, "बाबा, देऊन टाका. सांगलीला तुमच्यानंतर ती भंगारात जाईल. माझ्याकडे तर बाथरूममध्येपण जागा नाही. तिथे निदान लोक बघतील."

बरोबरच बोलत होता. म्हणूनच मी ताट उचलून बेसिनमध्ये नेऊन ठेवलं.

गाडीत

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून ग्लासगोला गाडी साडेचार-पाच तासांत जाते. त्या डब्यात साठ माणसं होती आणि शिंक सोडली तर आवाज नव्हता. मी शेजारच्या गृहस्थाला आपल्या पद्धतीनं विचारलं, कुठले, मुलं किती, घरी कोण कोण. त्यानं अतिशय सभ्यपणे हसून कानात गाण्याची बोंडं घातली. मी चकल्यांचा डबा उघडला. कुरकुरण्याचा आवाज असा घुमला की तीन जणांनी मागे वळून पाहिलं, म्हणून मी पुढच्या चकल्या तोंडात भिजवून खाल्ल्या. भिजवलेली चकली एकट्यानं खाण्याइतकी वाईट गोष्ट जगात दुसरी नाही.

बाहेर मात्र देश सुंदर. हिरव्या टेकड्या, त्यांवर दगडाच्या बुटक्या भिंती आणि शेकडो मेंढ्या. राखणारा माणूस मैलोन्‌मैल एकही नाही. मेंढ्यांकडेही कुणी बघत नाही तिकडे.

ग्लासगो

वारा असा की माझी कानटोपी स्टेशनबाहेर उडाली ती बहुधा नॉर्वेत उतरली. वैदेही ड्यूटीवर होती. किल्ली खालच्या शेजारणीकडे, फ्रिजमध्ये दही, अंडी आणि एक चिठ्ठी: "काका, जे सापडेल ते खा. मी उद्या सकाळी येते."

तिच्या घरात सगळं एकेकच होतं. एक ताट, एक वाटी, एक खुर्ची खिडकीकडे तोंड केलेली. मी माझ्या पिशवीतलं बेसन काढलं आणि पिठलं टाकलं. तेलात मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, आणि छतावरून अशी किंकाळी फुटली की मी झारा टाकून हात वर केले. धुराची घंटा! पाच मिनिटांत सगळी इमारत जिन्यावरून खाली, पावसात. आंघोळीचा टॉवेल गुंडाळलेला एक पैलवान, मांजर छातीशी धरलेली एक म्हातारी, एक सरदारजी, दोन विद्यार्थिनी. मी झाऱ्यासकट.

"हू वॉज इट?" पैलवान म्हणाला.

"पिठलं," मी म्हणालो.

सगळे हसले. सरदारजी म्हणाला, "बेसन? ब्रदर, खिडकी उघडायची आधी!" म्हातारीनं मांजराचं नाव सांगितलं. त्या विद्यार्थिनी एका मजल्यावर राहून एकमेकींना पहिल्यांदा भेटत होत्या. पाव तास आम्ही भिजत गप्पा मारल्या आणि आग विझवणाऱ्यांनी आत जा म्हटल्यावर मला चक्क वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा मिरच्या परतल्या. मुद्दाम की चुकून, हे माझ्याकडून कुणी वदवून घेऊ शकणार नाही. त्या दिवशी मात्र घंटा वाजली नाही. मी खिडकी उघडी ठेवली होती, सवय लवकर लागते.

सकाळी वैदेही आली ती डोळे मिटत मिटतच. पिठलं-भात मात्र बकाबका खाल्ला.

"चार वर्षं झाली मला इथे," ती म्हणाली, "मी घरी आली तर घरात जेवण तयार, असं आज पहिल्यांदा."

"मग नागपूरला जात का नाहीस?"

"काऊन जाऊ? तिथे सगळे लग्नाचंच विचारून राहिले." आणि मग, खरकटं ताट हातात तसंच धरून, "काका, खरं सांगा. ती बाई मिरजेला आली होती?"

"तू भूल दे, पेशंटची नाडी बघ. माझी बघू नकोस."

संग्रहालय

संग्रहालय शहरापासून अर्ध्या तासावरच्या एका गावात, जुन्या ग्रंथालयाच्या माडीवर. मोराग साठीच्या, पांढरे केस मुलासारखे कापलेले, बोलणं असं की प्रत्येक 'र' गिरणीतून दळून येतो. मला निम्मं कळायचं, बाकीचं वैदेही जांभया देत मराठीत आणायची.

ओदिलबाईंची हकीकत मोरागनी खोलीतल्या भांड्यांवरूनच सांगितली. दक्षिण फ्रान्समध्ये समुद्राजवळ एक कुंभारांचं गाव. बाईंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकाची भांडी व्हायची, लाल मातीची, आतून झिलईची, मंद आचेवर रस्सा शिजवायची. सुरुवातीच्या कपाटात तशीच दोन होती. अगदी आपल्या कालवणाच्या मडक्यासारखी, फक्त एका बाजूला मूठ. महायुद्धानंतर घरोघर अॅल्युमिनियम आलं. मातीचं कुणी घेईना. बापानं भट्टी बंद केली. ओदिल तेव्हा पंचविशीत. तिनं भट्टी पुन्हा पेटवली आणि कशाच्याही उपयोगाची नाहीत अशी भांडी करायला लागली.

"उपयोगाची नाहीत म्हणजे?" मी विचारलं.

मोरागनी एक सुरई आडवी धरून दाखवली. आतून कोरी. झिलईच नाही. पाणी ठेवलं तर झिरपणार. "मुद्दाम," त्या म्हणाल्या. बाईंचं म्हणणं, आमच्या भांड्यांनी तीनशे वर्षं चुलीवर काढली, आता जरा बसू दे त्यांना, बघू दे लोकांना.

आणि काय बसली होती ती भांडी! माशासारखी बशी, चंद्र गिळलेला कोंबडा, दोन तोंडांची घागर, एक तोंड हसरं, दुसरं आपल्या तलाठी कार्यालयातल्या कारकुनासारखं. चाळीस वर्षं मी कप-बशा भाजल्या, एकसारख्या, पांढऱ्या, लाखानं. एका कपाचा कान जरा वाकडा निघाला तर ढिगात. इथे सगळेच कान वाकडे. पहिली पाच मिनिटं माझा जीव वरखाली झाला. सहाव्या मिनिटाला मी कोंबड्यासमोरून हलेना.

ही सगळी भांडी ग्लासगोच्या एका शाळेतल्या बाईंची. दर उन्हाळ्यात त्या सुटीला त्या गावी जायच्या आणि एक भांडं घेऊन यायच्या. हिवाळ्यात ओदिल त्यांना पत्रं लिहायची. पर्यटक गेले की गाव रिकामं, थंडी, भट्टीशी बोलत बसते, अशी. लग्न केलं नाही. म्हातारपणी हात चालेनात तेव्हाही रोज सकाळी कोरड्या चाकाला एक फेरा द्यायची. मोराग ते बोलताना हातानं हवेत चाक फिरवत होत्या. 

मग मी कुंडी टेबलावर ठेवली. मोरागनी हातमोजे घातले, भिंग घेतलं, पक्ष्याच्या तोंडावरून दिवा फिरवला. कुंडी उलटी केली आणि दचकल्या. बुडाला बाईंची खूण, आणि खुणेला लागून रुपयाएवढं भोक.

"पाण्याचा निचरा," मी छाती काढून म्हणालो. "मीच पाडलंय. फरशीच्या ड्रिलनं, पाण्यात बुडवून, दोन तास. एक टवका उडाला नाही. बघा, बघा की!"

वैदेहीनं तोंडावर हात धरला. मोराग बराच वेळ भोकातून माझ्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही हिला पुन्हा कामाला लावलं?"

"तुळस," मी म्हणालो. "रोज पाणी, रोज दिवा."

त्या हसल्या. पुढे मात्र त्यांनी दिवा कुंडीच्या पोटावर तिरपा धरला. तिथली झिलई केसासारख्या बारीक तड्यांनी भरलेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आणि पक्ष्याच्या डोक्यावर, बरोबर कपाळाच्या जागी, त्या तड्यांमधून गुलाबी आणि पिवळ्या रेषा उतरलेल्या. बोटाच्या पेराएवढी जागा. "हा कसला तरी रंग मुरलाय," त्या म्हणाल्या. "काळजी करू नका. ओल्या कागदाच्या लगद्याचा लेप दोन-चार दिवस ठेवला की ओढून निघेल. पहिल्यासारखी पांढरी होईल."

हळद-कुंकू होतं ते. तुळशीला वाहायचं ते कुसुम कुंडीलाच लावायची. त्या पक्ष्याला बाईचं तोंड आहे, तिला बिनकुंकवाची कशी ठेवायची, म्हणायची. तीस वर्षं एकाच जागी एकच बोट.

मी मान खाली घालून त्या जागेकडे बघत होतो. मोरागना वाटलं, मी तयार आहे. त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला आणि उत्साहानं सांगू लागल्या. वैदेही मराठीत आणता आणता हळू होत गेली. "काका, त्या म्हणून राहिल्या की ओदिल भारतात गेली हे कुणालाच माहीत नव्हतं. एका पत्रातपण नाही. पुढच्या पुस्तिकेत त्या छापणार आहेत. तिचं आयुष्य वेगळं दिसेल म्हणतात. ती इतकी एकटी नव्हती, असं." वैदेही थांबली. "इथे लिहायचंय, कुंडी तुमच्याकडे कशी आली ते. आणि खाली सही."

मी आयुष्यभर थापा मारल्या. कट्ट्यावर, गाडीत, लग्नात. त्यानं कुणाचं वाकडं झालं नाही. पण ओदिलबाई मेलेल्या, हो-नाही म्हणायला येणार नव्हत्या. कोरड्या चाकाला फेरा देणाऱ्या त्या बाईला मी मिरजेला नेऊन दोन भाकऱ्या खाऊ घातल्या होत्या, आणि आता ते छापून येणार होतं.

"ओदिलबाई मिरजेला आल्या नव्हत्या," मी मराठीत म्हणालो. "सांग त्यांना."

वैदेहीनं सांगितलं. मोरागचा चेहरा मी बघितला नाही, मी फॉर्मकडे बघत होतो.

"मग आली कशी?" मोरागनी विचारलं.

मग सांगितलं. आमच्या कारखान्याचे मालक तरुणपणी भट्ट्या बघायला फ्रान्सला गेले होते. शोभेची भांडी काढायची म्हणून तीन नमुने आणले. आमच्याकडे तसं भांडं एकही निघालं नाही. नमुने कोठारात पडले, दोन फुटले. कोठार रिकामं केलं तेव्हा तिसऱ्याला तडे दिसले म्हणून फुटक्या मालाच्या ढिगावर टाकलं. टाकणारा मी. कुसुम निवड खात्यात होती, कप लाकडी काठीनं वाजवून नाद ऐकायचं काम. सुटीच्या वेळी तिनं ढिगावरून ती उचलली, काठीनं वाजवली आणि पदराखाली घेऊन घरी आली. मी ओरडलो, "नापास माल घरात आणू नकोस!" ती म्हणाली, "तुम्हाला ठेवून घेतलंच की."

वैदेही हे इंग्रजीत आणताना हसली, आणि हसता हसता पर्समध्ये रुमाल शोधू लागली. उरलेलं मीच माझ्या इंग्रजीत पुरं केलं.

फॉर्मवर तीनच ओळी होत्या. मी मराठीत लिहिलं: मालकांनी आणली. मी टाकली. कुसुमनं उचलली. देणाऱ्याच्या नावाच्या जागी तिचंच नाव लिहिलं आणि खाली माझी सही केली. मग मोरागना म्हणालो, "लेप लावायचा नाही. तेवढं कबूल असेल तर ठेवा, नाहीतर मी घेऊन जातो."

"पण बघणाऱ्याला तो डागच दिसेल."

"दिसू दे."

मोरागनी हातमोजे काढले, उघडं बोट त्या गुलाबी जागेपाशी नेलं, पण टेकवलं नाही. "कबूल," म्हणाल्या.

पुन्हा संग्रहालय

परतीच्या विमानाच्या आधीच्या आठवड्यात मी पुन्हा एकदा गेलो, या वेळी एकटाच. वैदेही ड्यूटीवर होती. पोचलो तेव्हा दुपार होती, बाहेर पाऊस, माडीवर दिवे लावलेले.

कुंडी कोंबड्याच्या शेजारी, काचेत. काचेला वरून हवेसाठी फट ठेवली होती. खालच्या पाटीवर ओदिलबाईंचं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात कुसुमचं, स्पेलिंग बरोबर. मी जवळ गेलो तेव्हा माझा हात आपणहून वर गेला. रोज दारातून आत येताना तिच्या खांद्यावर हात टेकायची सवय.

"हात नको, सर," कोपऱ्यातला राखणदार म्हणाला. दांडगा गडी, पण बोलला हळूच. "कुणालाच परवानगी नाही."

मी हात खिशात घातला.

मागून एक बाई आल्या. ऐंशीच्या असाव्यात, ओला रेनकोट, काठी. काचेशी वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "ते कपाळावर गुलाबी काय आहे हो? रंग उडालाय का?"

माझी जीभ वळवळली. ओदिलबाईंचं गुपित, फ्रेंच सरदाराचं रक्त, मोगलांचं केशर, काय काय आलं तोंडाशी. त्या वाट बघत होत्या.

"माझ्या बायकोचं बोट आहे," मी म्हणालो.

त्यांना वाटलं, पुढे काहीतरी सांगीन. पुढे काही नव्हतं. मी बाजूला झालो, त्यांना नीट दिसावं म्हणून.